जुलाबाचा अंदाज कुणाच्या कानावर घालायचा?

दहा महिन्यांचं बाळ. रात्री दोन-तीन उलट्या, पहाटेपासून पाण्यासारखी शी, रक्त नाही, अंग थोडं कोमट, दिवस डिसेंबर-जानेवारीचे. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही अनुभवी डॉक्टरला हे फोनवर सांगितलं तरी तो म्हणेल, ‘व्हायरल दिसतंय.’ तेच बाळ घेऊन आई समोर येऊन बसली की त्याच डॉक्टरच्या हातून कागदावर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकचं सिरप लिहिलं जातं. विषाणूवर या सिरपचा काडीचाही उपयोग नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ठाऊक असून असं का होतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला आहे. दरम्यान जुलाबाचं कारण ओळखून देणारी नवी साधनं तयार होत आहेत. साधनं चांगली आहेत, माझा त्यांना विरोध नाही. पण त्यांनी काढलेला अंदाज फक्त डॉक्टरला सांगून भागेल असं जे गृहीत धरलं जातं, ते मला पटत नाही.

आधी साधन काय आहे ते पाहू. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले डॅनियल ल्यूंग, फ्लोरिडा विद्यापीठातले एरिक नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत एक गणिती प्रारूप बांधलं. प्रयोगशाळा नाही, शीचा नमुना नाही. मुलाचं वय, ऋतू, शीत रक्त आहे का, उलट्या होताहेत का आणि वयाच्या मानाने उंची किती, एवढ्या पाच गोष्टी सांगायच्या. उंची मोजायची सोय नसेल तर दंडाचा घेर चालतो. त्यावरून हा जुलाब केवळ विषाणूमुळे असण्याची शक्यता किती टक्के, ते फोनच्या पडद्यावर येतं. एक मूल विषाणूच्या जुलाबाचं आणि एक दुसऱ्या कारणाचं अशी जोडी पुढ्यात ठेवली, तर ढोबळमानाने पाचपैकी चार वेळा प्रारूप दोघांना बरोबर वेगळं करतं. जिथे सूक्ष्मदर्शकाचा दिवा महिनोन्महिने बंद असतो, तिथे हे थोडंथोडकं नाही.

यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: अंदाज कशाला, सरळ तपासणीच करा की! स्टूल कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर बाळ बरं तरी झालेलं असतं, नाहीतर जिल्हा रुग्णालयात पोचलेलं असतं. एकाच वेळी वीस जंतू शोधणारी पीसीआर चाचणी काही तासांत होते, पण तिला हजारो रुपये मोजावे लागतात आणि ती मोठ्या शहरांबाहेर फारशी मिळत नाही. ही पैशाची आणि अंतराची अडचण सगळ्यांना दिसते. तिच्या मागे आणखी एक अडचण आहे आणि ती जास्त गुंतागुंतीची आहे.

२००७ ते २०११ या काळात आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी जेम्स नावाचा मोठा अभ्यास झाला. गांबिया, माली, केनिया, मोझांबिक, भारतातलं कोलकाता, बांगलादेशातलं मिर्झापूर आणि पाकिस्तानातलं कराची. पाच वर्षांखालची, मध्यम ते तीव्र जुलाबाची ९,४३९ मुलं घेतली आणि त्यांच्याच वस्तीतली, त्याच वयाची, जुलाब नसलेली १३,१२९ मुलं तुलनेला घेतली. आजारी मुलांपैकी ८३ टक्क्यांच्या शीत जुलाबाचा एखादा तरी जंतू सापडला. आणि खेळत्या-बागडत्या मुलांपैकी ७२ टक्क्यांच्या शीतही सापडला. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. दूषित पाण्यावर आणि उघड्या गटाराच्या काठावर वाढणाऱ्या मुलाच्या आतड्यात जंतू कायमच वस्तीला असतात. आज सापडलेला जंतू आजच्या जुलाबाला जबाबदार आहे, असं म्हणता येत नाही. म्हणून २०१६ साली याच अभ्यासातले नमुने पुन्हा काढून प्रत्येक जंतू किती प्रमाणात आहे हे मोजावं लागलं, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. शिगेला हा आमांशाचा जिवाणू, रोटाव्हायरस, अॅडेनोव्हायरस, ई. कोलायचा एक विषारी प्रकार, क्रिप्टोस्पोरिडियम आणि कॅम्पिलोबॅक्टर हे सहा जण बहुतेक जुलाबांच्या मागे निघाले. शिगेलाचा वाटा तर आधी वाटलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे महागडी चाचणीसुद्धा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगत असेल तर तीही शेवटी अंदाजच देते. फरक इतकाच की तिच्या कागदावर शिक्का असतो.

तेव्हा अंदाजाला नाक मुरडण्याचं कारण नाही. खरी परीक्षा पुढची होती: अंदाज हातात आल्यावर डॉक्टर वागतात कसे?

ती परीक्षा बांगलादेश आणि माली इथे झाली आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३० डॉक्टर, काही आठवडे ते साधन वापरून, काही आठवडे त्याशिवाय. एकूण हिशेबात अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण जवळपास जागच्या जागी राहिलं. मात्र ज्या मुलांबाबत पडद्यावर विषाणूची शक्यता मोठी दिसली, त्यांच्या कागदावरून अँटिबायोटिक कमी झाल्याचं मागाहून केलेल्या विश्लेषणात दिसलं. साधनाचे समर्थक या दुसऱ्या वाक्यावर भर देतात. मला पहिलं वाक्य जास्त बोलकं वाटतं. आकडा समोर असतानाही बहुतेक वेळा पेन सवयीनेच चाललं.

का चाललं असेल, याचं उत्तर बांगलादेशापेक्षा आपल्या शेजारच्या कर्नाटकात आणि दूरच्या बिहारमध्ये सापडतं. तिथे झालेला एक प्रयोग २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. दोन हजारांहून अधिक खासगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे ठरवून तयार केलेली माणसं पाठवली. प्रत्येकाची कहाणी एकच: घरी दोन वर्षांचा मुलगा आहे, त्याला जुलाब लागलेत. फक्त काहींनी बोलता बोलता ओआरएसची मागणी सुचवली, काहींनी अँटिबायोटिकची, काहींनी काहीच नाही. काहींच्या दुकानात प्रयोगकर्त्यांनी आधीच ओआरएसचा भरपूर साठा पोचवला होता. काही वेळा माणसाने आधीच सांगून टाकलं, औषध इथून घेणार नाही, म्हणजे विक्रीचा मोह नको. ओआरएसची नुसती इच्छा दाखवली तेवढ्याने ते लिहून मिळण्याचं प्रमाण २७ टक्केबिंदूंनी वाढलं. ओआरएस न दिलं जाण्यामागे साठा नसणं किंवा नफा नसणं यांचा वाटा प्रत्येकी पाच-सहा टक्क्यांचा, तर ‘पालकांना हे नकोच असतं’ या डॉक्टरच्या समजुतीचा वाटा ४२ टक्के.

आपण इतकी वर्षं डॉक्टरच्या अज्ञानावर आणि कमिशनवर राग काढत आलो. दोन्ही गोष्टी जगात आहेत, नाही असं नाही. पण या प्रयोगाने दाखवलेली गोष्ट जरा ओशाळवाणी आहे: समोरच्याला काय हवंय याबद्दल दोन्ही बाजू मनातल्या मनात तर्क बांधतात आणि कुणीच कुणाला विचारत नाही. आईला वाटतं, डॉक्टरने फक्त ओआरएसचा पुडा हातावर ठेवला तर दोनशे रुपये फी कशाची घेतली? डॉक्टरला वाटतं, फक्त पुडा दिला तर ही बाई संध्याकाळी चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात बसलेली असेल. मग सिरप. जमलं तर सलाईन. उज्जैनला काही वर्षांपूर्वी मुलांच्या जुलाबाच्या चिठ्ठ्या तपासल्या तेव्हा त्यातल्या ७१ टक्क्यांवर अँटिबायोटिक होतं. ओआरएस आणि झिंक आणि बाकी काही नाही, अशा चिठ्ठ्या बोटावर मोजण्याइतक्या.

म्हणून माझा आग्रह असा: हा टक्केवारीचा आकडा डॉक्टरने फोन आईकडे वळवून तिला दाखवला पाहिजे. साधनाची रचनाच तशी हवी. पडद्यावर मोठ्या अक्षरात, मराठीत, आणि गडचिरोलीत गोंडी किंवा मेळघाटात कोरकू आवाजात. समजा शक्यता आली ऐंशी टक्के. डॉक्टरने म्हणावं: ‘ताई, तुमच्या बाळासारखी दहा बाळं आली तर त्यातल्या आठांना विषाणूचा त्रास असतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, उलट पोट आणखी बिघडू शकतं. हा पुडा एक लिटर पाण्यात, झिंकची गोळी चौदा दिवस, अंगावरचं दूध चालूच ठेवा. शीत रक्त दिसलं, बाळ मलूल झालं, पाणी पिईना, लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी या.’ एवढं बोलायला एक मिनिट पुरतं. फी वसूल झाल्यासारखं वाटायला हे मिनिट पुरेसं आहे. तपासणी झाली, फोनने काहीतरी मोजलं, आकडा निघाला, डॉक्टर बोलले. सुईइतकंच समाधान यात आहे आणि सुई नाही.

इथे जरा थांबून पुड्याबद्दल बोललं पाहिजे, कारण तो लिहून दिला की काम झालं असं कुणाला वाटू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस मिळालं आणि जेमतेम ३१ टक्क्यांना झिंक. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आणलं. या गोष्टीला पन्नास वर्षं उलटून गेली, डॉक्टरांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, आणि अजून आपल्याकडे एक लिटरचा पुडा एका पेल्यात कालवला जातो. पेलाभर पाण्यात तो घातला तर ते इतकं खारट होतं की बाळ थुंकून टाकतं, आणि प्यायलंच तर शरीरातलं मीठ धोकादायक वाढतं. मग घरात ठरतं, ‘त्याला ते पुड्याचं पाणी सोसत नाही.’ दात येताहेत म्हणून जुलाब होतात, या समजुतीइतकीच ही समजूतही घट्ट आहे. कुठलाही अंदाज सांगताना एक लिटरची बाटली टेबलावर हवी.

आता ज्या आक्षेपाला मी सगळ्यात जास्त मान देतो तो. दहातल्या आठांना विषाणू, मग उरलेल्या दोघांचं काय? तुम्ही आकड्यावर विसंबून औषध नाकारलंत आणि ते बाळ त्या दोघांतलं निघालं तर?

भारतासह सात देशांत झालेली एक मोठी चाचणी इथे कामाला येते. तिच्यात ८,२६६ लहान मुलं होती, सगळ्यांना रक्त नसलेले पातळ जुलाब, आणि सगळीच जोखमीची: शरीरातलं पाणी कमी झालेली किंवा कुपोषित. निम्म्यांना तीन दिवस अॅझिथ्रोमायसिन, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव, आणि ओआरएस-झिंक सगळ्यांना. सहा महिन्यांनी मृत्यू मोजले तेव्हा एका बाजूला ०.५ टक्के, दुसऱ्या बाजूला ०.७ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. सरसकट औषध देऊन जीव वाचत नाहीत. पण याच चाचणीतल्या शीचे नमुने नंतर बारकाईने तपासले, तेव्हा ज्यांचा जुलाब खरोखर जिवाणूंचा होता त्यांना अॅझिथ्रोमायसिनचा फायदा झालेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा नियम मुख्यतः शीतल्या रक्तावर आणि कॉलऱ्याच्या संशयावर उभा आहे. शिगेलाच्या अनेक मुलांमध्ये रक्त दिसतच नाही, त्यामुळे ती मुलं या नियमातून निसटतात.

अंदाज वर्तवणाऱ्या साधनाची खरी बाजू मला इथे भक्कम वाटते. आज आपण ज्यांना गरज नाही त्यांना अँटिबायोटिक देतो आणि ज्या थोड्यांना गरज आहे त्यांना भलतंच देतो. शिगेलावर सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे भरवशाचं राहिलेलं नाही, ते या सवयीचंच फळ. चुकीच्या अंदाजाची भीती असेल तर तिची तुलना आजच्या व्यवहाराशी करावी. मनातल्या आदर्श डॉक्टरशी तुलना करून काही हाती लागत नाही.

मात्र साधन आहे तसं उचलून महाराष्ट्रात आणायला माझा ठाम नकार आहे. हे प्रारूप जेम्सच्या माहितीवर शिकलेलं आहे, आणि ती गोळा झाली तेव्हा आपल्या लसीकरण कार्यक्रमात रोटाव्हायरसची लस नव्हती. भारतात रुग्णालयात दाखल होणाऱ्या जुलाबाच्या मुलांपैकी ३५ ते ४० टक्क्यांमध्ये तेव्हा रोटा सापडत असे. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लस आली, महाराष्ट्रात २०१९ साली. पुण्यातच बनलेली रोटासिल देशातल्या अनेक राज्यांत दिली जाते. लस पूर्ण संरक्षण देत नाही, पण विषाणूंचं बळाबळ बदलून टाकते. रोटा मागे हटला की नोरोव्हायरस पुढे येतो. थंडीतले जुलाब म्हणजे रोटा, हे समीकरण ज्या माहितीवर प्रारूप शिकलं तीच जुनी झाली असेल, तर पडद्यावरचे ऐंशी टक्के हे कालच्या पंचांगातले ऐंशी टक्के आहेत. शिवाय सात ठिकाणांपैकी भारतातलं एकच, आणि ते कोलकाता. तिथला पावसाळा, तिथलं पाणी, तिथला कॉलरा यांच्यावरून नंदुरबारच्या धडगावचं भाकीत करू नये. आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. किनारपट्टी, देश, मराठवाडा आणि विदर्भातलं एकेक ठिकाण धरून तिने दोन वर्षं नमुने तपासले तर प्रारूपाला आपल्या मातीवर नव्याने शिकवता येईल. खर्च फार मोठा नाही.

अंदाज ऐकायला हवा असा तिसरा कान ग्रामपंचायतीचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून अतिसाराचे रुग्ण सरकारी पोर्टलवर नोंदले जातात. पण नुसती संख्या पाहिली तर चित्र दिसत नाही. जानेवारीत वेगवेगळ्या वाड्यांवरची एक वर्षाखालची बारा बाळं आणि जुलैत एकाच वाडीवरची बारा मोठी माणसं, दोन्ही नोंदी ‘बारा’. पहिल्या बारांसाठी घरोघरी पुडे हवेत. दुसऱ्या बारांसाठी त्याच संध्याकाळी विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर हवी. मुलांसाठीचं हे प्रारूप मोठ्यांच्या कॉलऱ्याचा अंदाज देणार नाही, त्याला वेगळं गणित लागेल. पण प्रत्येक रुग्णाचं वय, वाडी, ऋतू आणि लक्षणं जर फोनमध्ये भरली जाणारच असतील, तर ती एकत्र पाहणं हे काही अवघड शास्त्र नाही. प्रारूप बांधणाऱ्या ल्यूंग-नेल्सन यांच्या गटाने पुढच्या कामात हवामानाची आणि आधीच्या रुग्णांची माहितीही प्रारूपात घेतली आहे.

२०२२ च्या जुलैत मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, माणसं दगावली, आणि मग यंत्रणा धावली. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेड गाव आणि किरकटवाडीच्या परिसरात, गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. हातापायातली शक्ती जाऊन माणसं अतिदक्षता विभागात पोचली. काहींच्या शीच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि बोट पाण्याकडे गेलं. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. हा आजार साधारणपणे जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी उभा राहतो. म्हणजे लकवा मोजला जाण्याच्या कितीतरी आधी शेकडो घरांत जुलाब झालेले असणार. ते त्या भागातल्या दवाखान्यांत गेले असणार, सिरप घेऊन घरी परतले असणार. त्यांची नोंद कुठे एकत्र झालेली दिसली नाही. एका मोठ्या शहराच्या हद्दीत ही गत, तर मेळघाटाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

ग्रामपंचायतीकडे साधनं नाहीत असंही नाही. जलसुरक्षक नेमलेला असतो, रोज ओटी टेस्ट करून क्लोरीन तपासायचं असतं, पाण्याच्या व्यवस्थेची पाहणी करून जोखमीप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. ओटीची वही मात्र पुष्कळदा महिनाअखेरीस एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरली जाते हे खेड्यात राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आशाताईच्या फोनवरचा जुलाबाचा नकाशा ग्रामसभेत दाखवला गेला तर त्या वहीला पहिल्यांदाच कुणीतरी प्रश्न विचारेल. म्हणूनच तो दाखवायला यंत्रणा सहज तयार होणार नाही. आकडा डॉक्टरच्या खिशात राहिला तर कुणाचीच अडचण होत नाही.

मागणी म्हणून मांडायचं तर ती लहान आहे. एक आदिवासी तालुका, एक शहरालगतचा. सरकारी केंद्रांबरोबर खासगी दवाखाने आणि मेडिकलवालेही घ्यायचे, कारण बहुतेक मुलं आधी तिथेच जातात. साधन स्थानिक माहितीवर शिकवलेलं, पडदा आईकडे वळवलेला, आठवड्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. दोन पावसाळे आणि दोन हिवाळे चालवून बघावं. मोजायच्या गोष्टी तीनच: चिठ्ठ्यांवरचं अँटिबायोटिक किती घटलं, झिंकचे चौदा दिवस किती बाळांनी पूर्ण केले, आणि वाडीवर जुलाब वाढल्यापासून विहिरीत पावडर पडेपर्यंत किती दिवस गेले. तिन्ही आकडे हलले नाहीत तर साधन बंद करावं आणि ते पैसे पाइपलाइनच्या गळत्यांवर घालावेत. तसं झालं तर साधन फसलं म्हणून रडायला मी येणार नाही.